अकरा महिन्यांचे मुलाणी सर

मुलाणी सरांना चहा द्यायचा म्हणजे आधी त्यांना शोधायला लागायचं. बाकीचे साहेब लोक आपापल्या टेबलाशी सापडायचे. मुलाणी सरांचा कप घेऊन मी सर्व्हर रूमपाशी जावं, तर ते स्टोअरला गेलेले असायचे. स्टोअरमध्ये जावं, तर तिथला माणूस म्हणायचा, "आत्ताच गेले की पेंट शॉपकडं." तोवर चहा गार. दुपारी कप गोळा करायला निघाले की त्यांचे कप भलत्याच जागी मिळायचे. एक प्रिंटरच्या डोक्यावर, एक जिन्याच्या पायरीवर, एकदा तर आग विझवायच्या लाल बादलीत, वाळूवर नीट बसवलेला. सगळे अर्धे प्यालेले.

मी चाकणजवळच्या त्या कंपनीत हाऊसकीपिंगला आहे. फरशी, केर, पँट्रीतला चहा. गाड्यांचे सुटे भाग तिथं बनतात. चिखलीहून सकाळी कंपनीची बस मिळते आणि गेटवरच्या घड्याळाप्रमाणे सातच्या आत मी आत असते. कॉम्प्युटरचं सगळं काम मुलाणी सर एकटे बघायचे. चाळिशीचा सडपातळ माणूस, खिशाला दोन स्क्रू ड्रायव्हर, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. माणूस दिसायच्या आधी किल्ल्या ऐकू यायच्या. कधी मीटिंगला बसावंच लागलं, तर टेबलाखाली त्यांचा उजवा गुडघा एवढा हलायचा की समोरच्याच्या ग्लासातलं पाणी थरथरायचं.

ते चऱ्होलीचे. त्यांचे वडील जळालेले मोटारपंप नव्या तारेनं भरून दुरुस्त करून द्यायचे. घराच्या चारी बाजूंना आता बारा-बारा मजली इमारती उठल्यात, पण सरांच्या तोंडातलं गाव काही हललं नव्हतं. पुण्याचे इंजिनिअर त्यांच्याशी इंग्रजीत बोलायचे आणि सर त्यांना गावाकडच्या मराठीत उत्तर द्यायचे.

"मुलाणी, सर्व्हर डाऊन आहे का?"

"डाऊन न्हाई वो, दमलाय. पाच मिंटं द्या त्याला."

इंजिनिअर पोरं हसायची, त्यांच्या मागं त्यांची नक्कलही करायची. सरांना ते माहीत होतं. एकदा एकाची नक्कल चालू असताना ते मागून आले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "'न्हाई' बरोबर जमलं. 'वो' जरा लांबवा." मग किल्ल्या वाजवत निघून गेले.

एवढं काम करणारा हा माणूस कंपनीचा नव्हता. म्हणजे कागदावर नव्हता. एजन्सीमार्फत अकरा महिन्यांचं पत्र, मग एक महिना खंड, मग पुन्हा अकरा महिने. अशी नऊ वर्षं. खंडाच्या महिन्यातही ते गेटवर येऊन उभे राहायचे. वॉचमन म्हणायचा, "सर, तुमचा पास बंद आहे." तर म्हणायचे, "पास बंद हाय, मशीन चालूये ना? एवढंच इचारायला आलतो." त्यांची आई, तिला ते अम्मा म्हणायचे, रोज संध्याकाळी एकच प्रश्न विचारायची, असं त्यांनीच एकदा पँट्रीत सांगितलं. 'पक्कं झालं का रे?' नऊ वर्षं रोज. "आता ती 'का रे' पण म्हणत न्हाई," सर म्हणाले. "नुसती बघती."

नवव्या वर्षी जुलैमध्ये मोठ्या साहेबांनी त्यांना बोलावलं. मोठे साहेब म्हणजे आमच्या प्लँटचे प्रमुख. मी चहा ठेवत होते म्हणून मला ऐकू आलं. साहेब म्हणाले, कुठलातरी कॉम्प्युटर बंद पडतो आणि माल बनवायची लाईन थांबल्यावर आपल्याला कळतं. मला लाईन थांबायच्या आधी कळलं पाहिजे. तशी व्यवस्था उभी करा. दिवाळीपर्यंत कॉम्प्युटरमुळे एकदाही लाईन थांबली नाही, तर परमनंटचं पत्र मी माझ्या हाताने देतो.

सर बाहेर आले ते जवळजवळ पळतच. चहा तिथंच राहिला.

त्यांनी काय उभं केलं ते मला जेवढं समजलं तेवढं लिहिते. कंपनीची सगळी नोंद सहा मोठ्या कॉम्प्युटरांत असते. माल किती आला, किती बनला, कुठल्या खोक्यावर कुठलं लेबल लागलं. त्या नोंदीच्या कोठाराला डेटाबेस म्हणतात, हेही मला सरांनीच सांगितलं. आता त्यांनी सातवा कॉम्प्युटर आणला. त्याचं काम एकच, बाकीच्या सहांवर नजर ठेवायची. त्यासाठी सहांच्या आत एकेक छोटा प्रोग्रॅम बसवायचा, त्याला ते क्लायंट म्हणायचे. सातवा दर थोड्या वेळाने एकेकाला हाक मारणार आणि क्लायंटने आतली खबर द्यायची.

"शाळेत हजेरी घेत्यात ना ताई, तसं," सर म्हणाले. "नाव घेतलं की हजर म्हणायचं. एखादा बोलला न्हाई, की मास्तरनं उठून बघायचं, झोपलाय का मेलाय."

ऐकायला सोपं होतं. पण ते सहा जोडता जोडता तीन आठवडे गेले. प्रत्येकाचा पत्ता वेगळा, पासवर्ड वेगळा, आत जायच्या दाराचा नंबर वेगळा. लॅपटॉप एका हातावर उघडा धरून सर दिवसभर कंपनीभर चालायचे आणि चालता चालता दुसऱ्या हाताने टाईप करायचे. लाईनवरच्या बायका म्हणायच्या, हे सर बाळ घेऊन फिरतात.

स्टोअरचा कॉम्प्युटर काही केल्या जोडला जाईना. तीन दिवस सर त्याच्या मागं. चौथ्या दिवशी कळलं की त्याचं घड्याळ सहा मिनिटं मागं होतं. त्याची खबर सातव्याला शिळी वाटायची, म्हणून तो घेतच नव्हता. सरांनी घड्याळ बरोबर केलं आणि सातव्याच्या पडद्यावरचा स्टोअरचा लाल चौकोन हिरवा झाला. पण सरांच्या डोक्यात घड्याळच शिरलं. त्यांनी शिडी घेतली आणि कंपनीतली भिंतीवरची सगळी घड्याळं लावत सुटले. पँट्रीतलं लावलं, कँटीनमधलं लावलं आणि शेवटी गेटवरचं लावलं.

गेटवरचं घड्याळ चार मिनिटं मागं होतं. ते कायमच तसं असायचं. म्हाताऱ्या वॉचमनने ते मुद्दाम मागं ठेवलेलं, कारण आमची चिखलीची बस रोज तीन-चार मिनिटं उशिरा पोचायची आणि सातनंतर वहीत नाव गेलं की अर्धा दिवस कापला जायचा. हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त साहेब लोकांना नव्हतं. दुसऱ्या दिवशी अख्ख्या बसचा अर्धा दिवस गेला. माझ्याबरोबर हाऊसकीपिंगला असलेली रंजना मोठ्या तोंडाची. ती कॉरिडॉरमध्ये सरांना आडवी गेली.

"सर, तुमच्या मशीनला काय व्हायचं ते होऊ द्या. आमच्या गेटला कशाला हात लावला?"

सरांना काही कळेना. रंजनाने सांगितलं. ते एवढे ओशाळले की कानापर्यंत लाल झाले. जेवणाच्या सुट्टीत परत शिडी घेऊन गेले आणि घड्याळ चार मिनिटं मागं करून आले.

"मशीनचं घड्याळ बरोबर पायजे," ते रंजनाला म्हणाले. "मानसाचं ऱ्हाऊ द्या असंच."

रंजना मला म्हणाली, "तुझे सर येडे आहेत, पण चांगले येडे आहेत."

सहावा आणि शेवटचा जोडायचा राहिला होता लेबलचा. आमच्याकडं प्रत्येक खोक्यावर लेबल छापून लागतं. लेबल नसलेलं खोकं गेटबाहेर जात नाही. त्या दिवशी मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन सरांच्या मागंच येऊन उभे राहिले. पडद्यावर पाच चौकोन हिरवे, एक लाल. सरांची बोटं चालली होती. लाल चौकोन हिरवा झाला, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, साहेबांनी सरांच्या पाठीवर थाप मारली. आणि सर खुर्चीतून उठले.

ते उठणं महाग पडलं. पण ते कळायला अडीच महिने गेले.

तो पडदा पँट्रीसमोरच्या पॅसेजमध्ये टांगला. सहा चौकोन, इंग्रजी नावं, खाली आकडे. एक दिवस सर त्याच्यासमोर येरझाऱ्या घालत होते. अचानक माझ्याकडं वळले.

"ताई, वाचता येतं का?"

मी मान खाली घातली. "चौथीपर्यंत."

"मंग बास की."

दुसऱ्या दिवशी चौकोनांवर मराठी नावं होती. स्टोअर, लाईन, लेबल, तपासणी, डिस्पॅच, हजेरी. इंजिनिअर पोरांनी विचारलं, हे काय बालवाडी आहे का? सर म्हणाले, "हितं दिवसभर समोर कोन असतं? तुमी का ताई? जो बघनार, त्याच्या भाषेत पायजे." मला त्यांनी एक शंभर पानी वही आणून दिली. एखादा चौकोन लाल झाला, की त्याचं नाव आणि वेळ लिहायची आणि त्यांना हाक मारायची.

मला हाक मारायचीच भीती. मी कुणाला मोठ्याने हाक मारलेली नाही, घरीसुद्धा. दोनदा चौकोन लाल झाला, तेव्हा मी वही छातीशी धरून त्यांना शोधत धावले. सापडल्यावर नुसती वही पुढं केली. त्यांनीही कधी विचारलं नाही की ओरडलात का नाही.

नावाखालच्या आकड्याचा अर्थ मी एकदा विचारला. "आत किती जन बसल्यात तो आकडा," ते म्हणाले. "प्रत्येक डेटाबेसमधी बसायला जागा ठरलेली. लेबलवाल्यात तीनशे. जागा भरली की नवा मानूस आत येऊ शकत न्हाई." मला तो आकडा बघायची सवय लागली. वही होतीच, मग मी आकडेही लिहायला लागले. सकाळी आल्यावर एकदा, जाताना एकदा. ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

सरांची एक रीत होती. सकाळी नऊला आले, की आधी सहाच्या सहा क्लायंट बंद करून परत चालू करायचे. कशासाठी, असं मोठ्या साहेबांनीही विचारलं होतं. "रातभर एका जागी बसून पाय आखडत्यात," असं म्हणून सर हसले. खरं तर त्यांचाच पाय स्वस्थ नसायचा. आल्या आल्या कशाला तरी हात लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

सुरुवातीला त्या सातव्या कॉम्प्युटरला एक बेलही होती. आकडा अर्ध्यावर गेला तरी वाजायची. ती रोज पहाटे वाजायला लागली. वॉचमन वैतागला. सर येऊन बघायचे, सगळं हिरवं. मोठे साहेब म्हणाले, तुमची बेल खोटं बोलते, मुलाणी. सरांनी आकड्यांची बेल काढून टाकली, फक्त लालची ठेवली. "सारखं वरडनाऱ्याकडं कोन बघत न्हाई," ते म्हणाले. त्या पहाटेच्या बेलचा माग त्यांनी काढला नाही. एरवी सहा मिनिटांच्या घड्याळासाठी तीन दिवस घालवणारा माणूस. पण तेव्हा दिवाळी जवळ येत होती आणि त्यांना हिरवंच बघायचं होतं.

खंडेनवमीला आमच्याकडं सगळ्या मशीनची पूजा होते. प्रेसला हार, लाईनला हार, फोर्कलिफ्टच्या चाकाखाली लिंबू. सर मला म्हणाले, "ताई, आमच्या सातव्याला पन घाला की एक. मशीनच हाय त्यो." मी सर्व्हर रूममध्ये गेले, कपाटाला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावलं, तांब्यातलं पाणी शिंपडलं. चार थेंब फरशीवर पडले ते पुसून घेतले. सर दारात उभे होते. हात जोडले नाहीत, पण डोक्यावर रुमाल घेतला होता.

तो शुक्रवार. शनिवारी दसरा, मग रविवार. दोन दिवस कंपनी बंद. नऊ वर्षांत पहिल्यांदा सर म्हणाले की सुट्टीत मी फिरकणार नाही, आता बघायला सातवा आहे. अम्माला नातेवाईकांकडं घेऊन जातो.

सोमवारी मी सातला आले. सगळे चौकोन हिरवे होते. लेबलखाली आकडा होता तीनशे. मी वहीत लिहिलं, तीनशे. तीनशेचा अर्थ त्यांनी मला सांगितला होता. पण लाल नव्हतं. लाल झालं तरच सांगायचं होतं. आणि सांगणार कुणाला? मी झाडू घेतला.

सव्वासातला लाईनवरून ओरडा आला. लेबल छापत नाही. बनलेला माल खोक्यांत, खोकी जागेवर, गाड्या गेटवर. माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीतून फोनवर फोन. पडद्यावर सहाही चौकोन हिरवेगार आणि लाईन ठप्प. सरांना फोन गेला. ते आले ते स्कूटर गेटवरच टाकून. आत गेले, रोजच्यासारखं बंद केलं, चालू केलं. दोन मिनिटांत लेबल छापायला लागली. पण तोवर दीड तास गेला होता.

आता कारण पाहिजे होतं. ॲडमिनचे जगदाळे साहेब सर्व्हर रूममध्ये गेले. त्यांना सुकलेला हार दिसला, कोपऱ्यात तांब्या दिसला, प्लगजवळ पाण्याचा डाग दिसला.

"पूजा कुणी केली? पुसलं कुणी?"

मी पुढं झाले.

"मावशी, करंटच्या जागी पाणी ओतता? अक्कल आहे का? पास द्या इकडं."

गळ्यातला पास मी काढून दिला. गुरुवारी रिपोर्ट होईल, तोवर पँट्रीतून हलायचं नाही, मग बघू ठेवायचं का ते, असं ते म्हणाले. मुलाणी सर तिथंच उभे होते. मी त्यांच्याकडं बघितलं. हार घालायला कुणी सांगितलं, एवढं तरी ते म्हणतील असं मला वाटलं. ते माझ्याकडं बघत नव्हते. सुकलेल्या हाराकडं बघत होते.

सोमवार गेला, मंगळवार गेला. सर पँट्रीकडं आले नाहीत. किल्ल्या मात्र सारख्या ऐकू यायच्या. जिन्यावर, पॅसेजच्या टोकाला, परत जिन्यावर. पँट्रीच्या वळणापर्यंत यायच्या आणि मागं फिरायच्या.

"तुझ्या सरांच्या तोंडाला कुलूप लागलं बघ," रंजना म्हणाली. "त्यांना काय, दिवाळीला पत्र मिळणार. पाण्यानं बंद पडलं म्हणजे कॉम्प्युटरनं नाही पडलं. हिशोब सुटला की त्यांचा."

मी कप विसळत राहिले. पण रंजनाचं म्हणणं मला खरं वाटलं आणि त्याचाच जास्त त्रास झाला.

बुधवारी दुपारी किल्ल्या वळणावर थांबल्या आणि मग पुढं आल्या. सर दारात.

"ताई, वही."

मी दिली. ओट्याला टेकून त्यांनी पानं उलटली. लाल झालेल्या दोन नोंदी त्यांना पाठच होत्या. ते माझे आकडे वाचत होते. लेबल, सकाळी एकशे साठ, जाताना ऐंशी. सकाळी एकशे अठ्ठावन्न, जाताना ब्याऐंशी. पानामागून पान तेच. बाकीच्या पाचांचे आकडे जागच्या जागी. मग सोमवार, तीनशे. ते बराच वेळ शेवटच्या पानावर होते. त्यांचा गुडघा हलत नव्हता. मी तो कधी असा पाहिला नव्हता आणि मला भीती वाटली.

"सर, मी सोमवारी सांगायला पाहिजे होतं," मी म्हणाले.

"तुमी लिवलं व्हतं," ते म्हणाले. "वाचायचं काम माजं व्हतं." आणि वही घेऊन गेले.

गुरुवारी मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये चहा न्यायची पाळी माझीच आली. आत साहेब, जगदाळे आणि सर. टेबलावर टाईप केलेला रिपोर्ट आणि त्याच्या शेजारी एक बंद पाकीट. त्यावर सरांचं पूर्ण नाव होतं. ते मला वाचता आलं.

"पाण्यानं बंद पडलं, या रिपोर्टवर तुमची एक सही, मुलाणी," साहेब म्हणाले. "विषय संपवू. ह्या पाकिटाला दिवाळीपर्यंत थांबायचं पण कारण नाही."

सर उभेच होते. त्यांनी वही उघडून रिपोर्टवर ठेवली.

"पानी न्हाई, साहेब. माजी चूक हाय."

जगदाळे म्हणाले, "अहो, काय बोलताय?"

"क्लायंट आत जातो, खबर घेतो, भाईर येतो. भाईर यायची एक ओळ लिवावी लागती. पाच जागी लिवली. लेबलच्या जागी ऱ्हायली, पाहुन्यांनी टाळ्या वाजवल्या आनि मी उठलो. त्यामुळं त्यो दर खेपेला नव्यानं आत जाऊन बसत व्हता आनि उठत न्हवता. रोज सकाळी मी बंद-चालू करायचो, तवा सगळे उठायचे. सुट्टीत मी आलो न्हाई. दोन दिवसांत सगळ्या जागा त्यांनीच भरल्या. लाईनला बसायला जागाच उरली न्हाई. चौकोन हिरवा, कारन आत आपलाच मानूस हजर म्हनत व्हता."

साहेबांनी वहीची पानं उलटली. "हे कुणी लिहिलंय?"

"ह्या ताईंनी. लाल तेवढं लिवा म्हणलं व्हतं. ह्यांनी आकडे पन लिवले. आनि साहेब, मला सोमवारीच शंका आलती. तीन दिवस मी गप बसलो. पाकीट दिसत व्हतं म्हणून."

मी कपबशी टेबलावर ठेवली.

साहेब हळू आवाजात म्हणाले, "मुलाणी, मावशींना काय, दुसऱ्या एजन्सीत कुठंही काम मिळेल. तुम्ही नऊ वर्षं थांबलाय. समजतंय का तुम्हाला?"

"समजतंय साहेब."

"मग?"

"मंग ह्यांचा पास द्या."

जगदाळे साहेबांनी ड्रॉवर उघडून माझा पास काढला. देताना माझ्याकडं बघितलं नाही. ते पाकीट साहेबांनी उचललं आणि आपल्या बाजूच्या कप्प्यात टाकलं. फाडलं नाही, काही नाही. नुसतं टाकलं.

त्याच दुपारी सरांनी ती राहिलेली ओळ लिहिली. आकड्याची बेल परत लावली. लेबलचा आकडा तेव्हापासून चाळिसावर आहे. दिवाळी आली, आम्हाला मिठाईचे डबे मिळाले. सरांचे अकरा महिने नोव्हेंबरात संपले आणि पुढचं पत्र आलं नाही. नजर ठेवायचं काम हिंजवडीच्या एका एजन्सीला दिलं. ते तिथूनच बघतात. शेवटचे चार दिवस सर त्यांच्यासाठी सगळं लिहून काढत होते. कुठला पत्ता, कुठलं दार, कुठली ओळ विसरायची नाही. बसून लिहीत होते. शेवटच्या दिवशी मी काहीतरी बोलायचं ठरवलं होतं. दुपारी बघते तर ते निघून गेलेले. रंजना म्हणाली, कुणालाच सांगितलं नाही. ती दिवसभर कुणाशी नीट बोलली नाही.

त्यांची अम्मा आता काय विचारत असेल, हे माझ्या मनात येतं. भांडी घासताना येतं, बसमध्ये येतं. गळ्यातला पास हाताला लागला की येतं.

गेल्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी मी चिखलीत भाजी घेऊन घरी चालले होते. आमच्याकडं गल्लोगल्ली छोट्या कारखान्यांच्या शेड आहेत, लेथ मशीन, डाय, पावडर कोटिंग. एका शेडच्या दारात सर उभे होते. शेडचा मालक स्टुलावर बसून त्यांचा कागद वाचत होता. मी रस्त्याच्या अलीकडं, टेम्पोच्या आड थांबले.

"एवढ्या मोठ्या कंपनीत होता तुम्ही," मालक म्हणाला. "मग सोडलं कशापायी?"

"सोडलं न्हाई. माज्या चुकीनं लाईन दीड तास बंद पडली व्हती," सर म्हणाले. "नंतर पत्र दिलं न्हाई."

मालकाने कागदावरून मान वर केली. "भाऊ, काम मागायला आलेला माणूस असं सांगतो व्हय?"

"तुमाला दुसऱ्याकडनं कळंल, त्यापरीस मीच सांगितलं."

मालकाने कागद घडी करून परत दिला. "कळवतो तुम्हाला."

कळवतो म्हणजे काय, ते आम्हा सगळ्यांना माहीत असतं. सरांनाही माहीत असणार. त्यांनी कागद खिशात ठेवला, दुसरी एक चिठ्ठी काढली आणि पानाच्या टपरीवर पत्ता विचारला. टपरीवाला नवीन होता, त्याला सांगता येईना. तो पत्ता मला माहीत होता. मी जिथं राहते त्याच्या मागचीच गल्ली.

"सर," मी हाक मारली. टेम्पोचं इंजिन चालू होतं. त्यांना ऐकू गेलं नाही. मी परत मारली, "मुलाणी सर!" रस्त्यावरचे दोघं-तिघं वळले. माझे कान तापले.

"ताई! तुमी हितं?"

"डाव्या हाताला वळा. पिठाच्या गिरणीच्या पुढं दुसरी शेड, निळा पत्रा."

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "कामावर हाय ना?"

"आहे."

"मंग बास," ते म्हणाले आणि स्कूटरला किक मारली.

घाईत ते गिरणीच्या पुढची शेड ओलांडून गेले. कोपऱ्यावर थांबले, स्कूटर फिरवली आणि परत येताना मी वळणावर येऊन उभी दिसले, तेव्हा निळ्या पत्र्याकडं बोट करून त्यांनी लांबूनच विचारलं, हीच ना? मी भाजीची पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात वर करून दाखवलं, हीच.